बोडीवर गेलेली बाई

मु. बोरबोडी, मूलजवळ, जिल्हा चांदा
माघ महिना, बाजाराचा आदला दिवस

तीर्थरूप रंभाबाईले,

धाकट्या मुखरूचा तुह्या दोन्ही पायांवर डोकं ठेवून दंडवत. (डाव्या पायावर जरा हळूच ठेवतो, गुडघा दुखते म्हणून मागल्या खेपेले लिहिलं होतं.) गुडघा कसा आहे? एरंडाचं पान बांधून राह्यली का नाई? भाऊजीचा खोकला, म्हशीचं दूध, धानाची मळणी, सारं मनासारखं असन असं धरून चालतो, काऊन का नसतं तर तुहं पत्र आलं असतं अन् त्यात पयले मलेच शिव्या असत्या. इथी मी अन् लटारू दोघंही भाऊ सुखरूप आहो. आपला जिल्हा नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला म्हणून सारे सांगून राह्यले, पण आमच्याकडे टपाल अजून बाजाराच्याच दिवशी येते अन् मच्छरबी जुनेच आहेत.

आता मुद्द्याचं. बाई, तू मिशा ठेव. भाऊबीजेच्या दिवशी मले पाटावर बसवून, हातात आरतीचं ताट असताना, शेजारपाजारच्या देखत तू काय म्हणली होती ते मी विसरलो नाई. 'दोघं बुवे मिळून पोरीचं बाळंतपण करसान तर मी मिशा ठेवीन' म्हणली होती. तर ठेव. झुपकेदार नको, तुले शोभन अशी बारीक ठेव, पण ठेव. काऊन का या घरात वच्छलाच्या बाळंतपणाची तयारी अशी झाली आहे का दहा बाया असलेल्या घरात होत नाई.

हे सारं कशासाठी, ते तुले अर्धंच ठाऊक आहे. दिवाळीनंतर मी चांद्याले वच्छलाच्या सासरी गेलो होतो, पोरीले पयल्या बाळंतपणाले माहेरी न्याचं म्हणून. तिची सासू सगुणाबाई, म्हणजे आपली इहीनबाई, बाई मोठी करारी. घरात विजेचा दिवा आहे, तो पेटवून त्यांनी माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् म्हणल्या, पयलं बाळंतपण माहेरी, हे मले मान्य आहे भाऊ, पण माहेर म्हणजे माय, अन् जिथी बाईमाणूसच नाई तिथी पोरीले काय शेताच्या धुऱ्यावर बाळंत कराची? बाई, खरं सांगतो, त्यांचं काही चुकलं नाई. वच्छलाची माय गेल्यापासून या घरात बांगडी वाजली नाई. पण वच्छला दारात चहाचा पेला घेऊन उभी होती. तिनं फक्त माह्याकडे पाह्यलं. म्हणलो, इहीनबाई, माघात तुम्ही स्वतः पोरीले घेऊन या. घर पाहा. एक गोष्ट कमी दिसली तर त्याच बैलबंडीत तिले परत न्या, मी तोंडातून शब्द काढणार नाई. असं बोलून तर बसलो, अन् मंग छोट्या रेल्वेगाडीत मूलपर्यंत काय काय लागन ते बोटावर मोजत आलो.

घरी येऊन लटारूले सांगतलं. तुले ठाऊक आहे, आपला लटारू दंडारीत बायकांची सोंगं करते. राणी, गवळण, सासू, सून, जे म्हणसान ते, म्हणून या वयातबी मिशी ठेवत नाई. तो म्हणे, भाऊ, काही फिकर करू नको, आजवर मी तीन डाव बाळंत झालो आहे. (मंडईच्या जत्रेत, रंगावर. त्यात पडद्यामागं ताट वाजवलं का झालं.) पण पोट्ट्यानं काम केलं बरं. मधली खोली सारवली, पांढऱ्या मातीनं पोतली, एकूणएक भोक बुजवलं, इतकं का उंदीर बाहेर जाले रस्ता नाई म्हणून घरातच राह्यला. बाज विणली ती अशी ताणून का बोट मारलं तर डफासारखी वाजते. शेगडी केली, गवऱ्या रचल्या, बाळंतशोपा आणल्या. जंगलातून डिंक आणून लाडू केले. लाडू जरा कडक आले, एक खाली पडला तर फुटला नाई, फरशीच्या दगडाचाच टवका गेला, पण तूप चांगलं आहे.

पाळण्याची गोष्ट मात्र नीट सांगतो, काऊन का तो तुहाबी पाळणा आहे. आज्यानं केलेला, सागवानाचा, चार कोपऱ्यांवर चार राघू. (एका राघूची चोच तू चावून खाल्ली असं माय सांगे.) तू, मी, लटारू, वच्छला, सारे त्यात निजलो अन् सारे जगलो, म्हणून भाऊबंदात कुठीबी लेकरू झालं का पाळणा तिकडे जाते. जगल्या-वाचल्या लेकरांचा पाळणा आणावा, नवा करू नाई, हे तुले काय सांगू. शेवटी तो वैनगंगेच्या पल्याड, चामोर्शीकडे, मामाच्या डोमाकडे गेला होता. तोच डोमा, जो तुह्या लग्नात बुंदीच्या कढईजवळून उठलाच नाई. आम्ही बंडी जुंपली अन् गेलो. पाहतो तर डोमाचा पोट्टा आता बकऱ्या चारून राह्यला, अन् पाळणा मोकळा. पण पाळणा मोकळा ठेवू नाई ना! म्हणून डोमाच्या बायकोनं त्यात वाळलेली मोहफुलं भरून ठेवली होती. आम्ही फुलं काढली, पाळणा राखेनं घासला, नदीवर धुतला, तरी वास काही हटेना. बैल मान मागं वळवून वळवून पाहून राह्यले होते.

बरं, वाटेनंबी पाळणा रिकामा आणू नाई. बारशाले आपण पयले वरवंटा निजवतो, तसा आताबी वरवंटाच घातला. डोमाच्या बायकोनं त्याले टोपडं घातलं, तीट लावली, वरून पांघरूण दिलं. लटारू बंडीत पाळणा धरून बसला अन् सवयीनं अंगाई म्हणाले लागला, अन् असे आम्ही दिवस मावळताना जंगलाच्या नाक्यावर येऊन ठेपलो. तिथला नाकेदार नवा आहे, हाफिजभाऊ म्हणून, भला माणूस. त्यानं पुसलं, बंडीत काय आहे? म्हणलो, पाळणा. पाळण्यात काय आहे? आता बाई, तूच सांग, मी काय म्हणू? पाळणा रिकामा आहे असं तोंडानं बोलू नाई. वरवंटा आहे म्हणू, तर सागवानाच्या पाळण्यात टोपडं घालून दगड काऊन नेऊन राह्यले, याचा जबाब दे. म्हणलो, लेकरू निजलं आहे.

बापा, त्या माणसानं लगेच आवाज खाली केला. कुत्र्याले हाकललं. नाक्याचा बांबू असा हळू वर केला का चूं नाई का चां नाई. आम्ही अर्धे पार झालो अन् वारा फिरला. हाफिजभाऊनं नाक वर करून हुंगलं, बांबू परत खाली केला अन् अगदी हळू आवाजात म्हणला, भाऊ, तुमचं लेकरू पिऊन आहे का? त्याले वाटलं पाळण्यात मोहाची दारू आहे. पण परक्याच्या लेकराचं पांघरूण पुरुषानं कसं उचलाचं, म्हणून त्यानं घरातून आपल्या बायकोले हाक मारली. खुर्शीदाबाई कंदील घेऊन आल्या, पांघरूण जरासं सारलं, गालाले बोट लावलं अन् म्हणल्या, 'ये तो ठंडा है.' लटारू अजून अंगाई म्हणूनच राह्यला होता. म्हणलो, गप बस बे, समजलं त्यायले.

मंग सारंच सांगतलं. पोरीचं, इहीनबाईचं, पाळण्याचं, मोहफुलांचं. हाफिजभाऊ हसता हसता बांबूले धरून खाली बसले. खुर्शीदाबाई मात्र हसल्या नाई. पुसलं, पोरीले माय नाई का? म्हणलो, नाई. त्यांनी आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं अन् वरवंट्याले दुसरी तीट लावली. नजरेनं दगड फुटते म्हणते, मंग दगडालेबी लावलेली बरी, असं म्हणल्या अन् पोरगी मोकळी झाली का सांगाले या असं बजावून आत गेल्या. पाळणा आता माजघरात टांगला आहे. वासबी कमी झाला आहे, म्हणजे आम्हाले तरी येत नाई.

आता राह्यलं लेकराचं कापड. इथी मी थोडा अडलो, तुह्यापासून काय लपवू. लेकराले जुनं मऊ लुगडंच लागते, अन् माहेरी ते आजीचं असते. वच्छलाच्या मायचं ते हिरवं लुगडं पेटीत आहे, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. दोन डाव पेटी उघडली, कातरबी हातात घेतली. नाई झालं माह्यानं. पेटी लावून टाकली अन् मूलच्या बाजारातून नवं मांजरपाट आणलं. ते इतकं करकरीत का घडी घालून ठेवलं तर भिंतीले टेकून उभं राह्यते. तवापासून ते मऊ करणं चालू आहे. लटारू रोज बोडीच्या पाण्यात भिजवून तिथल्या दगडावर आपटते, मी त्याचा फेटा बांधून वखर हाणतो, राती लटारू अंगावर घेऊन निजते. गावात सारे पुसून राह्यले का मुखरूभाऊ, हा पांढरा फेटा कोण्या पुढाऱ्याचा? म्हणतो, माह्या नातवाच्या लंगोटाचा. थोडं मऊ झालं आहे. आता भिंतीले टेकवलं तर हळूहळू का होईना, खाली बसते.

तर बाई, सारं तयार आहे अन् कशाचीबी कमी नाई. तुह्या मिशीची वाट पाहून राह्यलो. तू मळणी टाकून याची काही गरज नाई, गुडघ्याले आराम दे. भाऊजीले रामराम, लेकरायले पोटभर पापे.

तुहा जिंकलेला भाऊ,
मुखरू

ता. क. — एक बारीक गोष्ट लिहाची राह्यली. मागल्या आठवड्यात इहीनबाईचा निरोप आला का पुढल्या पंधरवड्यात येतो, खोली-पाळणा ठीकच असन, पण घरात जाणतं बाईमाणूस कोण आहे ते पयले पाहीन, नसलं तर पोरीले बंडीतून उतरवणारच नाई. निरोप्या पाणीबी न पिता उभा होता, अन् मी सांगून बसलो का माही मोठी बहीण रंभाबाई दिवाळीपासून इथीच आहे. तवा बाई, हे पत्र हाती पडल्याबरोबर, असशीन तशी, ब्रह्मपुरीहून छोट्या गाडीत बस. मूलले बंडी ठेवतो. मळणी भाऊजी करतीन. मिशीचं मंग पाहू.

ता. क. दुसरा — पत्र टाकायचं राह्यलंच. काऊन का दुसऱ्याच दिवशी, बाजाराच्या दिवशी, दारात बंडी! इहीनबाई पंधरवडा आधीच आल्या. (मले वाटते मुद्दामच आल्या.) बंडीत मागं वच्छला, पांढरी फटक. मी डोक्यावरचा फेटा सोडून धावलो. इहीनबाईनं तिले बंडीतच बसवून ठेवलं अन् एकट्या उतरून घर पाह्यलं. बाज वाजवली. पाळणा हुंगला, माह्याकडे पाह्यलं, परत हुंगला. लाडू हातात घेतला अन् तसाच ठेवून दिला. अन् मंग म्हणल्या, तुमची बहीण कुठी आहे? तोंडातून निघून गेलं, बोडीवर गेली आंघोळीले.

इहीनबाई आंगणाच्या टोकाले गेल्या अन् कपाळावर हात धरून बोडीकडे पाह्यलं. अन् बाई, खरंच, बोडीच्या पाळीवर एक बाई पाठमोरी बसून कपडा आपटून राह्यली होती! हिरवं लुगडं, डोईवरून पदर. वच्छलाची मायच वाटली मले, तश्शीच बसे ती. मंग ध्यानात आलं का हा आपला लटारू. बंडी दिसल्याबरोबर मागच्या दारानं पळाला होता, अन् दंडारीचं लुगडं जरीचं, चमचमतं, म्हणून पेटीतलं हिरवं नेसला होता. मले राग यावा का रडू यावं, काही समजेना. तेवढ्यात बंडीत वच्छला उभी झाली, तिनंबी ते लुगडं पाह्यलं. 'बाबा, मायचं लुगडं' एवढंच म्हणली अन् पोट धरून खाली बसली. बंडीच्या हिसक्यानं म्हण का लुगड्यानं म्हण, पोरीचं पोट दुखाले लागलं.

मंग कुठची पाहणी अन् कुठची परतीची बंडी! इहीनबाईनं कासोटा घट्ट केला, पोरीले धरून आत नेली अन् बोडीकडे तोंड करून अशी हाक मारली का बगळे उडाले, 'रंभाबाई वो, सुईणीले बलावा!' अन् बाई, तू धावली. काय धावली! पदर तोंडावर ओढून, लुगडं गुडघ्याच्या वर घेऊन, धानाच्या बांधीतून, धुऱ्यावरून, डोमकाळाच्या काट्यांचं कुंपण आडवं आलं तर त्यातून सरळ. गावातले म्हातारे अजून म्हणून राह्यले का रंभाचा गुडघा चांगलाच सुधरला. मंगली सुईण खांद्यावर टाकल्यासारखी आली. इहीनबाई आतून ओरडल्या, पाणी! मी पाणी दिलं. ओरडल्या, शेगडी! शेगडी दिली. बाज धरली, शेगडी पेटली, खोलीत वाऱ्याची झुळूक नाई. सारं काम पडलं, बाई, सारं! अन् दिवेलागणीच्या आत पोट्टी झाली. रडली तर उंदीरबी घर सोडून गेला.

इहीनबाई ओरडल्या, कापड द्या. मी मांजरपाट दिलं, ते तसंच बाहेर आलं. पोरीले गुंडाळाचं आहे का तंबू ठोकाचा आहे, म्हणे. तेवढ्यात दाराआडून एक हात आत गेला, त्यात हिरव्या लुगड्याचा हा एवढा तुकडा. कुंपणात लुगडं उभं फाटलं होतं ना. जे माह्या कातरीनं झालं नाई, ते त्या काट्यांनी केलं. पोट्टी त्यातच गुंडाळली. आता सुपात निजली आहे, मूठ तोंडात घालून, अन् कपाळ तिच्या आजीचं. मी आंगणात जाऊन पोटभर रडलो बाई, अन् मंग पोटभर हसलो. लटारूले मारणार होतो, गळ्याशी धरलं.

पण आता अडचण अशी. लटारू तवाच धोतर नेसून मोकळा झाला. अन् इहीनबाई काही परत जाऊन नाई राह्यल्या, नातीजवळ ठाण मांडून बसल्या आहेत, अन् रोज सकाळी पुसतात, रंभाबाई कुठी आहे? मी म्हणतो, बोडीवर. तू त्या दिवसापासून आंघोळ करून राह्यली आहे. तवा लवकर ये, अन् येताना वेशीकडून येऊ नको, बोडीकडून ये, केस ओले करून.

ता. क. शेवटचा — हे लिहिताना इहीनबाई मागं येऊन उभ्या राह्यल्या. कोणाले लिहून राह्यले, पुसलं. म्हणलो, बहिणीले. म्हणलो अन् जीभ चावली. त्या बसल्या अन् म्हणल्या, ते केस ओले कराचं खोडून टाका, थंडीचे दिवस आहेत, आजारी पडतीन. दाराआडून तुकडा देणारा हात मी पाह्यला, हातावर एवढे केस असलेली बाई मी अख्ख्या चांद्यात पाह्यली नाई, अन् घरी बंडी आलेली दिसून एकदाबी मागं वळून न पाहणारी बाई तर दुनियेत नाई. मले आंगणातून बोडीकडे पाह्यलं तवाच समजलं होतं. मी म्हणलो, मंग रोज काऊन पुसत होत्या? म्हणल्या, तुमचं तोंड पाहाले मजा वाटे.

मंग नातीचं पांघरूण सारखं केलं अन् म्हणल्या, वच्छलानं मले पेटीतल्या लुगड्याचं सांगतलं, माह्या तर्फेनं एक ओळ लिहा. ती जशीच्या तशी लिहितो: 'या घरात बाईमाणूस नाई असं मी म्हणली होती, ते मी चुकली. होती. पेटीत होती.'

ते ओल्या केसांचं मी खोडणार होतो, पण होती तेवढी शाई सांडली, म्हणून राहू देतो. बारसं तुह्याबिना होत नाई, वरवंटा टोपडं घालून बसला आहे. तशीच ये, कोरड्या केसांनी. अन् मिशीचं मनावर घेऊ नको. ती लटारूनं ठेवाले घेतली आहे, दंडारीतून सुटी घेऊन, म्हणते का नातीनं पयल्यांदा डोळे उघडून आजोबा पाह्यला पायजे.